चौकीवर बसलेल्या महालक्ष्म्या

घरच्या महालक्ष्म्या बेपत्ता झाल्याची वर्दी मी स्वतः पोलीस चौकीवर जाऊन दिली होती. आणि त्याच महालक्ष्म्यांचं गाठोडं त्याच्या दोन दिवस आधी मीच, माझ्या या दोन हातांनी, टांग्यात चढवून दिलं होतं. एवढं आधीच कबूल करून टाकते. पुढे वाचताना कुणाला माझी कीव यायला नको.

आठवायचं कारण असं की परवा नातीने मला तिच्या लॅपटॉपवर एक फ्रेंच विनोदी सिनेमा दाखवला. एक फौजदार, एक टाइपरायटर आणि समोर खुर्चीत बसलेला एक बापडा. बस, एवढंच. फौजदार विचारतो एक, बापडा सांगतो दुसरं, आणि कागदावर उमटतं तिसरंच. नात हसून लोटपोट. "आजी, किती अॅब्सर्ड ना!" मी म्हटलं, "बाई गं, तिकडे याला कला म्हणत असतील. आमच्या अकोल्यात याला जबानी म्हणायचे."

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी अमरावतीची, मॅट्रिक झालेली, आणि लग्न होऊन अकोल्याला पडलेली. 'पडलेली' हा त्या वेळचा माझाच शब्द. अमरावतीची मुलगी अकोल्यात म्हणजे सायीत माशी, असा माझा समज. साय कोण आणि माशी कोण, हे पुढे कळलं. माहेराहून मी दोन गोष्टी आणल्या होत्या: एक मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि दुसरी, वाचनालयातल्या झाडून साऱ्या रहस्यकथा वाचल्याची घमेंड. एखादी चोरी व्हावी आणि ती आपण शोधून काढावी, एवढीच काय ती आयुष्यात उणीव राहिली होती.

भाद्रपद लागला होता. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, थोरल्या मुलाकडे बडनेऱ्याला गेल्या होत्या. आमचे हे शेतकी खात्यात कारकून, ते नांदगाव खंडेश्वरकडे दौऱ्यावर. घरात मी, आणि झोपायला सोबत म्हणून शेजारच्या काकू. मंगळवारी सकाळी मला उमाळा आला की आत्याबाई परत यायच्या आत महालक्ष्म्यांचे मुखवटे चिंचेने घासून लखलखीत करून ठेवावे. सून म्हणून पहिलाच भाद्रपद. डोळ्यात भरायला नको का? चिंच भिजवली. माजघरातली संदूक उघडली. आत्याबाईंनी जाताना दिलेली किल्ली माझ्याच कमरेला होती, कुलूप धड होतं. आत पत्र्याची दोन धडं होती, जुनी शेवाळी रंगाची लुगडी होती, आणि मुखवटे नव्हते.

आता इथे कुठल्याही शहाण्या बाईने भिंतीपलीकडे हाक मारून काकूंना विचारलं असतं. काकू त्या गल्लीत चाळीस वर्षं राहत होत्या. आमच्या घरातल्या चमच्यांची सुद्धा त्यांना खबर होती. पण गुप्तहेर शेजारणीला विचारत नसतो. मी संदुकीभोवती वाकून वाकून दोन चकरा मारल्या, जमिनीवरून एक केस उचलला, तो माझाच निघाला, आणि मी चांगलं इस्त्रीचं पातळ नेसून चौकीवर गेले.

चौकीवर एक जमादार होते. पोट टेबलाला टेकलेलं, चष्म्याची एक काडी सुतळीची. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचा छापील कागदावर जेवढा विश्वास होता तेवढा देवावर नव्हता.

"चोरी?" ते म्हणाले. "चोरीचा कागद संपला बाई. अमरावतीहून येईल तवा येईल."

"मग?"

त्यांनी खण धुंडाळला. "हरवलेल्या मानसाचा हाय. त्याच्यावर भागवू. रकाने सारखेच असतात." त्यांनी दौतीत टाक बुडवला. "किती इसम?"

"इसम नाहीत हो, महालक्ष्म्या. दोन."

"दोन. बाई का मानूस?"

"बाई." काय करणार?

"नातं?"

"सख्ख्या बहिणी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा."

"रंग?"

"पितळी."

त्यांनी लिहिलं, 'गोरा, पिवळसर.' "उंची?"

"उंची कुठली? फक्त मुखवटे गेलेत. धडं घरीच आहेत."

टाक थांबला. जमादारांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग खाली रकान्याकडे बघितलं, आणि लिहिलं, 'मध्यम.' "वळखीची खूण?"

"धाकटीचा डावा कान जरा पिचलाय." लग्नानंतर आत्याबाईंनी एकदा उघडून दाखवल्या होत्या, तेव्हा मी पाहिला होता.

"घरातून निघाल्या तवा अंगावर कपडे काय होते?"

"लाल फडकं. म्हणजे, गुंडाळलेल्या असायच्या."

"कुलूप तुटलं?"

"नाही."

"मंग आपल्या पायानं गेल्या. घरात सासुरवास होता का?"

"मला?"

"तुमाले कोन इचारून राह्यलं? त्याह्यले."

मी ठसक्यात सांगितलं की आमच्या घरी त्यांना सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो, पुरणपोळी असते, आंबील असते. जमादारांनी लिहिलं, 'खाण्यापिण्याची आबाळ नव्हती.' मग विचारलं, "लग्न झालेल्या?"

"हो. म्हणजे लक्ष्मी, तेव्हा झालेलंच."

"नवऱ्याचं नाव?"

मॅट्रिकला संस्कृत घेतल्याचा मला माज होता. म्हटलं, "विष्णू. राहणार क्षीरसागर."

"तालुका?"

फ्रान्समध्ये असा जमादार असता तर त्याचा पुतळा उभारला असता. पण त्या दिवशी मी हसले नाही. मी फार गंभीर होते. गुन्ह्याचा तपास चालू होता.

नंतर माझा रकाना आला. माझं नाव, वय, वडील कुठले, सगळं घडाघडा सांगितलं. "नवऱ्याचं नाव?" आणि माझी दातखीळ बसली. माहेरी मैत्रिणींना मी मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते की नवऱ्याचं नाव न घेणं हा अडाणीपणा आहे, मी खुशाल घेणार. घेतलं मात्र एकदाही नव्हतं. जमादार थांबले. कोपऱ्यात बंदूक पुसत बसलेला शिपाईही पुसायचा थांबला.

"उखाण्यात घ्या," जमादार म्हणाले. "आमी लिहून घेऊ."

आणि मी घेतला. चौकीत, परक्या दोन पुरुषांसमोर, पदर सावरून:

"मोर्णेला आला पूर, दगडी पुलाला पाणी,
…रावांचं नाव घेते बसून पोलीसठाणी."

शिपाई "वाहवा!" म्हणाला. जमादारांनी अख्खा उखाणा जबानीत उतरवून घेतला, दोन ओळींत, जसाच्या तसा. टिंबांच्या जागी तेव्हा खरं नाव होतं. इथे लिहीत नाही. जात नाही हो ती सवय.

इथवर सगळी गंमत होती. मग जमादारांनी नवी ओळ सुरू केली. "मागच्या आठ रोजात घरी कोन कोन आलं?"

"दूधवाला."

"त्याचं दूध मी पेतो. खोडा. अजून?"

"कासार आला होता बांगड्या भरायला."

"तो सत्तर वर्षाचा म्हातारा, त्याले त्याच्याच बांगड्या दिसत नाईत. अजून?"

"पोलकी शिवणारी बाई."

जमादारांनी टाक खाली ठेवला नाही.

ही शिवणारी माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. रुळापलीकडच्या वस्तीत राहायची. छप्पन साली त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली, तेव्हा तिच्या घरच्यांनी देव्हारा काढून त्या जागी शिवणाचं मशीन ठेवलं, असं ती अभिमानाने सांगायची. शिवून शिवून तिने सुईणीचं शिक्षण पुरं केलं होतं, आणि सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिला बोलावणंही आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. फक्त चौकीवरून चालचलनाचा दाखला तेवढा यायचा होता. हे सगळं मला ठाऊक होतं. माझं पोलकं द्यायला आली तेव्हा तिनेच सांगितलं होतं.

"ते घरात आल्ती?"

"आली होती," मी म्हणाले.

"कुठवर?"

आता खरं उत्तर काय होतं ते ऐका. ओसरीवर. ओसरीच्या पुढे आम्ही तिला कधी येऊच दिलं नव्हतं. मापाचं पोलकं मी तिच्यापुढे वरून सोडायची, हातात द्यायची नाही. तिच्या पाण्याचा पेला ओसरीच्या कोनाड्यात निराळा. ज्या बाईने आमचं माजघर डोळ्यांनी बघितलं नव्हतं, तिला माजघरातली संदूक कुठून सापडणार? पण एवढं सांगितलं तर माझी रहस्यकथा पहिल्याच पानावर संपत होती. संशयित कोणी उरतच नव्हतं.

"घरातच बसली होती," मी म्हणाले. "बराच वेळ."

जमादारांनी लिहिलं, 'माजघरात बराच वेळ बसून होती.' मला वाचून दाखवलं. मी खाली सही केली, शेवटच्या अक्षराला वेलांटीसारखी शेपटी काढून.

गुरुवारी दुपारी ती आली. नेहमीसारखी ओसरीच्या पायरीशी थांबली, पण बसली नाही.

"वैनी, तुमच्या घरात मी कुठवर आल्ती?"

"…ओसरीवर."

"मंग कागदात माजघर कसं आलं?"

"ते पोलीस लिहितात. त्यांचं काही खरं असतं का?"

"खाली सही तुमची हाय. दोनदा बोलावलं मले चौकीवर. जमादार म्हनते, देव सोडलेल्या मानसाले देवाचं भेव नसते, म्हनून संशय पक्का." तिचा आवाज चढला नव्हता, हेच मला नको होतं; चढला असता तर मला रागवता आलं असतं. "छप्पन साली आमी तुमचे देव सोडले वैनी. जे सोडले, ते चोरून कावून नेऊ? आन् नेऊन ठेवू कुठी? मशीनवर?"

मी कोनाड्यातला तिचा पेला भरून पायरीवर ठेवला.

"दाखल्याचा कागद लिहून तयार हाय. सही राह्यली. तुमच्या लक्ष्म्या सापडल्याबिगर करत नाई म्हनते. सोमवारी मी हजर नाई झाली तर जागा दुसरीले जाईन." आणि ती गेली. पेल्यातलं पाणी तसंच राहिलं.

शुक्रवारी आत्याबाई बडनेऱ्याहून आल्या. टांग्यातून उतरायच्या आत मी रडायला सुरुवात केली. आत्याबाई, आपल्या महालक्ष्म्या चोरीला गेल्या!

त्या एक पाय टांग्यात, एक पाय खाली, तशाच उभ्या राहिल्या. "कोनाच्या?"

"आपल्या!"

"अवं, यंदाची पाळी थोरल्याची नाई का? एका वर्षी त्याच्या घरी, एका वर्षी आपल्या. धडं दोन्हीकडं, मुखवटे एकच जोड. मी कायले गेल्ती बडनेऱ्याले? त्याईले पोचवाले!"

"पण मला कोणी सांगितलं नाही."

"तुले सांगाले तू इचारतं कोनाले? आन् गाठोडं टांग्यात कोनं ठेवलं? 'आत्याबाई, यात काय दगड भरले का?' असं कोन म्हनलं?"

मी म्हणाले होते. लाल फडक्यात होतं. मी स्वतः उचलून आत्याबाईंच्या पायाशी ठेवलं होतं, आणि अमरावतीच्या मुलीला ओझी उचलायला लावतात म्हणून मनात फुरंगटलेही होते.

चौकीवरचं सगळं सांगितलं, तेव्हा त्या पायरीवर मट्‌कन बसल्या. आधी त्यांना हसू आलं, इतकं की टांगेवाला घोड्याला पाणी पाजायचं सोडून बघत राहिला. मग शिवणारीचं सांगितलं. हसू थांबलं. त्यांनी काही अक्कल शिकवली नाही. त्याही तिला ओसरीवरच बसवत आल्या होत्या, आणि बहुतेक ते त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. एवढंच म्हणाल्या, "चाल चौकीवर."

जमादारांना आनंद झाला नाही. "सापडल्या म्हनता, पन माह्या समोर कुठी हायेत? हरवल्याचा कागद बंद कराचा म्हनजे इसमानं स्वतः हजर होऊन सांगा लागते, आपन खुशीनं गेल्तो म्हनून. नियम हाय. मांगं छापला हाय." आणि खरंच मागे छापला होता.

"लक्ष्म्या चौकीवर येतात का?" मी म्हटलं.

"त्या नाई आल्या तर बेपत्ताच."

मला वाटलं आत्याबाई आता चौकी डोक्यावर घेतील. पण त्या विचार करून म्हणाल्या, "अजून आवाहन नाई झालं. बसल्या नाईत तवर पितळच हाय ते." धर्मशास्त्राचा इतका सोपा निकाल मी पुन्हा कधी ऐकला नाही. मग माझ्याकडे वळून, "ज्यानं उचललं त्यानंच उचलावं."

शनिवारी पहाटेच्या गाडीने मी बडनेऱ्याला गेले, जाऊबाईंच्या हातापाया पडले, आणि ते दगड भरलेलं गाठोडं मांडीवर घेऊन दुपारी अकोल्याला परत आले. आत्याबाई चौकीवर आधीच बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, त्याच बाकावर, शिवणारी. तिला त्यांनीच निरोप धाडला होता.

मी फडकं सोडून मुखवटे टेबलावर ठेवले. जमादार उठले, बूट काढले, टोपी काढली, पाया पडले, टोपी घातली, आणि टाक उचलला.

"आपन खुशीनं गेल्त्या का?"

सगळे थांबले. खरंच थांबले, मी सुद्धा. पितळी चेहरे जमादारांकडे बघत होते.

"हसून राह्यल्या," शिपाई म्हणाला.

"लिहा, होकार." जमादारांनी स्वतःलाच हुकूम केला आणि लिहिलं. "अंगठा?"

"हात नाहीत," मी म्हणाले.

"मंग जे हाय ते उमटवा."

तेव्हा मी दोन्ही महालक्ष्म्यांची हनुवटी शाईच्या गादीवर टेकवून कागदावर उमटवली. मोठीची नीट आली. धाकटीची पसरली.

"झालं," जमादार म्हणाले. "इसम सापडले."

"आणि हिचा दाखला?" मी विचारलं.

"त्याचं वायलं हाय. इसम सापडले, पन संशयिताच्या जागी नाव लिहिलेलं हाय ना. माजघरात बसली म्हनून तुमीच सांगितलं. ते खोडाले नवी जबानी पायजे." नवा कागद पुढे आला. "हे घरात कुठवर आल्ती?"

"ओसरीवर. त्याच्या पुढे नाही."

"कधीच नाई?"

"कधीच नाही."

"कावून?"

त्या आठवड्यात त्या माणसाने मला नाही नाही ते विचारलं होतं आणि मी पोपटासारखी बोलले होते. विष्णूचा तालुका विचारला तेव्हाही गप्प बसले नव्हते. हा एकच प्रश्न सरळ होता. ती माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शाळेत निबंधात समता हा शब्द मी कितीदा लिहिला होता, आणि शुद्ध लिहिला होता.

"आम्ही तिला आत येऊ देत नाही," मी म्हणाले. "म्हणून."

जमादारांनी टाक उचलून धरला. "हे असं लिहू? कायदा झाला बाई आता. हे लिहिलं तर गुन्हा तुमच्यावर लागते. मंग तुमची जबानी, सासूची जबानी, पंच, साक्षीदार…" कागदांची ती चळत त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावी. त्यांनी कपाळ पुसलं, थोडा विचार केला, आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. मग वाचून दाखवलं:

"'सदर बाई ओसरीच्या पुढे कधीही आली नाही, कारण ओसरीवर हवा चांगली असल्याने ती तेथेच बसत असे.' बराबर?"

मी तिच्याकडे बघितलं. ती टेबलावरच्या कागदाकडे बघत होती. माझ्या जबानीकडे नाही, पेपरवेटखालच्या तिच्या दाखल्याकडे. तिला सोमवारी हजर व्हायचं होतं.

"सही करा वैनी," ती म्हणाली.

मी केली. या वेळी शेपटी काढली नाही. जमादारांनी दाखल्यावर सही केली, फुंकर मारून वाळवला, आणि तो घेऊन ती आमच्या आधी निघून गेली. मुखवटे मी रविवारी बडनेऱ्याला परत नेले. जाऊबाईंच्या नळावर शेवटी चिंचेने घासले, मंगळवारपासून घासायचे राहिलेच होते. मोठीची हनुवटी स्वच्छ निघाली. धाकटीच्या हनुवटीवर निळी छटा राहिली ती राहिलीच, पुढे कित्येक भाद्रपदांत जेवायला आलेल्या बायका विचारायच्या आणि आत्याबाई सांगायच्या, "तिची तीट हाय ते."

नंतर ती पोलकी शिवायला आली नाही. कशाला येईल? मी माफी मागायला जावं असं चार वेळा ठरवलं, आणि चारही वेळा मला घरात काहीतरी महत्त्वाचं काम निघालं.

दीड वर्षाने, भर दुपारी, मला कळा सुरू झाल्या आणि टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. व्हरांड्यात गर्दी, मी खांबाला धरून उभी, आत्याबाई घाबरीघुबरी. पांढऱ्या पातळातली नर्स हातात छापील कागद घेऊन आली. तीच होती. तिने मला ओळखलं, मी तिला ओळखलं, आणि दोघींनीही तसं दाखवलं नाही.

"नाव?" मी सांगितलं. "वय?" सांगितलं. "नवऱ्याचं नाव?"

तेवढ्यात कळ आली आणि मी ते नाव असं ठणाणा ओरडले की व्हरांड्याच्या त्या टोकाला डबा घेऊन उभे असलेले हे दचकून "ओ!" म्हणाले. उखाणा नाही, पदर नाही, काही नाही.

तिने कागदावर लिहिलं. पेन कमरेला खोचलं. माझं तोंड उघडं होतं. दीड वर्षं तोंडात धरलेलं ते एक वाक्य बोलायचं होतं, पण माझ्याने नुसतंच "मी… त्या वेळी… ओसरीवर…" एवढं झालं. तिने माझा हात खांबावरून सोडवून आपल्या खांद्यावर घेतला, घट्ट धरला, आणि म्हणाली:

"चला वैनी, आत चला. ओसरीवर हवा चांगली असते, पन बाळंतपन आतच करा लागते."